डोळे माका ठेव

३ ऑगस्ट १९८६, रविवार

"बाय, तुझो हात बरो आसा, पण डोळे माका ठेव."

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वाक्य. मी अकरा वर्षांची. हातात खारीच्या केसांचा ब्रश, पुढ्यात सोंडेपर्यंत रंगवून झालेला गणपती. एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. ओढला नाही. झोपलेल्या मुलाच्या मुठीतलं खेळणं काढतात तसा. मग मला बाहेर पाठवलं आणि रंगाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

काल संध्याकाळी अंगणात पाय ठेवला, भिजलेल्या मातीचा वास आला, आणि पहिलं हेच आठवलं. तेहेतीस वर्षं झाली त्याला. आबा जाऊनही अठरा.

कोल्हापूरचं ऑफिसचं काम उरकून फोंडाघाटमार्गे आले. कणकवलीला गाडी बदलली, मग कट्टा गावाला उतरले. साठलेली सगळी रजा घेतली आहे, चतुर्थीपर्यंत इथेच. दादाला लिहिलं होतं, यंदा मदतीला येते. त्याचं एका ओळीचं उत्तर: "ये. काम पुष्कळ आहे." काम दर वर्षीच पुष्कळ असतं. 'ये' असं त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, बारीक झालात." ती दर वेळी हेच म्हणते. दादाला ती चहा अर्धाच कप देते. दोनदा देते, पण अर्धाच.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून माती. मे महिन्यात मळ्यातून आणून ठेवलेली ढेकळं कालपासून भिजत होती. खडे वेचायचे, मोगरीनं कुटायची, पुन्हा खडे वेचायचे. खांदे भरून आले.

आमची गणपतीची शाळा, मूर्ती घडवायची जागा, होती तशीच आहे. पुढची पडवी, तिला लागून रंगाची खोली, खोलीच्या मधोमध तो काळा खांब. खांबावर आडव्या खाचा, प्रत्येकीशेजारी एखादं अक्षर. लहानपणी मला वाटायचं, त्या आमच्या उंचीच्या खुणा. पाठ टेकून उभी राहायची आणि आपली शोधायची. सगळ्या खाचा माझ्या छातीच्या खाली. ही कुठली मुलं एवढी ठेंगणी, असा प्रश्न पडायचा.

दादानं तीस वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. पण आमच्या घरात शाळा म्हणजे ही, ती नव्हे.

कान आणि बोटं यांची माती वेगळी, कापूस घालून कुटलेली, म्हणजे तडकत नाही. मी केलेला पहिला कान तासाभरात गळून पडला. दादा हसला, "मुंबयची माती नाय ती."

खरं आहे. मुंबईत मी नमुने करते. पणत्या, कुंड्या, टेबलावर ठेवायच्या वस्तू. नमुना मंजूर झाला की कारागीर त्याबरहुकूम दोनशे करतात आणि वेगळा निघेल तो मी बाजूला काढते. वेगळा काढणं हेच माझं काम. हात मातीत जातो तो नमुन्यापुरता.

१० ऑगस्ट, रविवार. नागपंचमी

पाट आले. हे दृश्य मी किती वर्षांनी पाहिलं. पावसातून एकेक जण येतो, डोक्यावर पाट पालथा धरलेला, त्याचीच छत्री. सोबत नारळ. ज्याचा गणपती त्याच्याच घरच्या पाटावर घडणार. एकूण एकतीस. पूर्वी सत्तरच्या वर असायचे.

पाट बहुतेक फणसाचे, वापरून काळे पडलेले. ओळख पटावी म्हणून मागे खुणा: डांबराची फुली, निळ्या रंगाचे तीन ठिपके, कुणाचा नुसता वाकडा खिळा.

दादा प्रत्येकाला एकच विचारतो, "गणपतीची जागा तीच मा?"

"तीच. ती खंय जातली?"

एकतीस वेळा तोच प्रश्न, एकतीस वेळा तेच उत्तर. आबाही असंच विचारायचे. पाहुण्याला पाऊसपाणी विचारावं तसं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दादा रंग आणायला मालवणात गेला. मी एका पाटाला सहज नख लावलं. काजळीखाली पिवळं लाकूड दिसलं, जुन्या फणसाचं, मधासारखं. मग राहवलं नाही. सोड्याच्या पाण्यानं धुतला, नारळाच्या सोडणानं घासला, काचकागद मारला, खोबरेल चोळलं. काय सुंदर निघाला! रेषा न् रेषा दिसायला लागली. मग दुसरा. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत अकरा.

आज कित्येक महिन्यांनी असं वाटलं की मी खरंच काही केलं. वस्तू आधी तिच्या मूळ पदार्थापर्यंत न्यायची, हे मी नवीन मुलींना सांगते ना, ते स्वतः करून पाहिलं. अकराही पाट पडवीत भिंतीला टेकवून ठेवले आहेत. दादा उद्या बघेल.

१३ ऑगस्ट, बुधवार

दादानं पाहिले. मग म्हणाला, "हे कुणाच्या परवानगीनं केलंस?"

दादा रागावला की शाळेतलं मराठी बोलतो. लहानपणापासून.

मी म्हटलं, स्वच्छ केले. तो म्हणाला, "स्वच्छच होते." आणि आत गेला.

वहिनीनं सांगितलं. गणपती व्हाळात, गावच्या ओढ्यात, पोचवला की पाट रिकामा परत नेत नाहीत. त्यावर व्हाळातली चिमूटभर वाळू घेऊन घरी येतात. ती वाळू, गेल्या वर्षीच्या मूर्तीच्या पायाची माती, सांडलेलं गंध, सगळं पाटाच्या भेगांत बसत जातं. त्याच्यावरच पुढल्या गणपतीची माती बसते. "पाट कोण धुता, वन्सं?" ती रागावून नाही, खरोखर नवल वाटून विचारत होती.

मला हे ठाऊक होतं. हेच वाईट. त्या वाळूसाठी मी आबांबरोबर व्हाळावर जायची, मूठ माझी असायची. मुंबईत कुठेतरी सांडलं ते.

आणि खुणाही गेल्या. अकरा पाट, सगळे सारखे देखणे. माझ्या दोनशे पणत्यांसारखे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दादा स्वतःच पडवीत येऊन बसला. "हाड एकेक." मी एकेक पाट आणून त्याच्या मांडीवर ठेवत गेले. तो डोळे मिटून हात फिरवायचा. कडेवरून, मागच्या पट्टीवरून, गाठीवरून.

"ह्यो भटाचो. कडेक उंदरान खाल्ल्यान."
"ह्यो शिरसाटांचो. जड आसा."
"ह्यो आमचो."

आमचा! आमच्या घरचा पाटही मी धुतला होता आणि मला तो ओळखता आला नव्हता.

अकरातले नऊ ओळखले. एक गोष्ट दिसली. पाट मागायला हात पुढे करायचा तेव्हा त्याचा हात थरथरत होता, बारीक, वाऱ्यात पान हलतं तसा. लाकडावर टेकला की शांत. मी पाहते आहे हे त्याच्या लक्षात आलं. हात मांडीखाली घातला.

अर्धा कप चहा आठवला.

दोन पाट राहिले. एकाच फणसाचे, एकाच सुताराचे. बाबल आणि तातू या दोघा भावांचे. घर वाटून सहा वर्षं झाली, दोघांत बोलणं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दोघांना बोलावलं. मी आधीच माफी मागितली. माझ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही, त्यांना एकमेकांशी भांडायचं होतं.

"माझो पाट माका कळना नाय? बापाशीन दिललो!"

"बापाशीन दोगांकय दिल्यान. तू काय एकटोच झील होतंस?"

"तू होतंस म्हणान तर फणस तोडूचो लागलो!"

शेवटी दादा म्हणाला, पाट ज्या जागी वर्षानुवर्षं बसतो तिथे तो डुगडुगत नाही. चला बाबलाकडे, ठेवून बघू. दोन पाट डोक्यावर घेऊन आम्ही चौघं पावसातून निघालो. तातू दारात अडखळला. सहा वर्षांत पहिल्यांदाच उंबऱ्यापाशी आला होता. आतून त्यांची म्हातारी आई ओरडली, "भायर कित्या रवलंस? देव आसस की काय, पाय धुवक होये?" तेव्हा आत आला. बाबलाच्या बायकोनं न बोलता त्याच्यापुढे गूळपाणी ठेवलं.

चौथऱ्यावर पाट ठेवला. डुगडुगला. दुसरा ठेवला. तोही डुगडुगला.

चौथऱ्यावर नवी शहाबादी फरशी.

दादा: "बाबल, जागा तीच म्हणान सांगितलंस मा माका?"

बाबल: "जागा तीच दादानू. वर फरशी घातली."

म्हातारी हसायला लागली. मग तातूही. दोघांनी एकेक पाट उचलला, हाताला लागेल तो. बदलले असतील तर आता हेच बरोबर, असं म्हातारीनं सांगून टाकलं. पाट घेऊन आमच्याकडे परतताना वाटेत दोघे पुन्हा भांडत होते, पण एकाच छत्रीत.

निघताना दादानं जमिनीपासून चौथऱ्यापर्यंत वितीनं मोजलं, वरची चार बोटं धरून. आणि म्हातारीकडे बघून विचारलं, "काकी, आता खाली बसाक जाता?" ती म्हणाली, "नाय रे बाबा. खुर्चीर."

हे का विचारलं कळलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

दादा काळ्या खांबाशी उभा होता. हातात चाकू. 'बा' या अक्षराची जुनी खाच, तिच्यावर चार बोटं मोजून नवी पाडायची होती. चाकू लाकडावर टेकेना, घसरायचा. त्यानंच चाकू माझ्या हातात दिला. "तू काप."

कापली. विचारलं, ही खाच कशाची? "उंची," म्हणाला आणि बाहेर गेला. मला वाटलं माटवीची. गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगून तिला रानफळं बांधतात, तिच्यासाठी उंची लागत असेल. म्हणजे त्या मुलांच्या खुणा नव्हत्या. एवढं कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

लाकडाच्या आत अजून डिंकाचा वास आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस थांबत नाही. माती वाळत नाही. घमेल्यात निखारे घालून गणपतींच्या मधे ठेवतो, मी आणि वहिनी पाळीपाळीनं राखतो. जास्त झालं तर तडा, कमी झालं तर बुरशी. हाताचा मागचा भाग मूर्तीच्या पोटाला लावून बघायचं. लहान मुलाचा ताप बघतात तसं. आई असंच बघायची.

ऑफिसचं पत्र. दिवाळीसाठी गणपतीच्या छोट्या मूर्ती काढता येतील का, नमुना पाठवावा, 'तुम्ही त्याच वातावरणात आहातच.' पत्र घडी करून डुगडुगणाऱ्या घमेल्याखाली सारलं.

निखाऱ्यांशी बसल्या बसल्या वहिनी म्हणाली, "फुडल्या वर्सा पाट घेवचे नाय म्हणतत." दादानं तिला सांगितलं आहे. मला नाही. लोकांना अजून नाही. बाजारात तयार प्लास्टरचे गणपती येतात, हलके, गुळगुळीत, वाळवायला नकोत. लोक तिकडे जातील, कुणाचं अडणार नाही, असं म्हणाला म्हणे.

मी विचारलं, हात कधीपासून?

"गेल्या चतुर्थीपासून. कोणाक सांगू नकात म्हणालेत." मग निखारे सारत, "डोळे लिवचे रवले तर काय करतले? ह्येच्या फुडे माका सुचना नाय." आमच्याकडे डोळे रंगवत नाहीत, लिहितात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सफेदा झाला, अंगाचे रंग झाले. सोवळी पिवळी, निळी, लाल. पडवीत बसायला जागा नाही. एकतीस गणपती, सगळे आंधळे. लहानपणी मला या दिवसांत त्यांच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटायची नाही, आणि डोळे लिहिले की वाटायची. आईला सांगितलं होतं हे, ती खूप हसली होती.

दादा उद्यापासून सकाळी अंघोळ करून दार लावून बसणार. आबांसारखाच.

३१ ऑगस्ट, रविवार

दोन सकाळी, चार गणपती. वाळायला बाहेर आणून ठेवले. लांबून चांगले दिसतात. मी जवळ गेले. वस्तू जवळून पाहायचीच सवय.

डाव्या पापणीवर रंगाचा थर जाड. पांढरा लावून पुसलं आहे, पुन्हा काढलं आहे, पुन्हा पुसलं आहे. तीनदा तरी. एका डोळ्याला चारदा. उजेड तिरपा पडला की बोटाला लागावा असा उंचवटा.

आबा दार लावायचे ते देवासाठी. दादा लावतो ते आमच्यासाठी.

१ सप्टेंबर, सोमवार

कालची दुपार घालवून एक गोष्ट केली. बांबूचा घोडा, गुडघाभर उंच, वर आडवी पट्टी, पट्टीवर काथ्याची मऊ गादी. त्यावर मनगट टेकवायचं, ब्रश मोकळा. उंची कमीजास्त करायला खुंट्या. खरंच नेटका झाला होता. वजन काही नाही. काथ्या मी स्वतः वळला.

दादासमोर ठेवला. त्यानं गादीवर बोट फिरवलं, खुंटी काढून बघितली. ड्रॉइंग मास्तर जागा झाला. "काम बरां केलंस." मग डोळे वर करून, "माका काठी दितंस? अजून चलतंय मी."

संध्याकाळी बघितलं तर घोडा परसात, वहिनीनं त्यावर पडवळाचा वेल चढवला आहे. म्हणाली, "तेनीच दिल्यानी. म्हणालेत, बरो आसा, वाया जावक नको." खुंट्या तिला फार आवडल्या.

वेल उद्याच गादीला धरेल.

२ सप्टेंबर, मंगळवार

दादा आज दार उघडून मधेच बाहेर आला. कपाळावर घाम. मी दाराशीच होते. लपून नव्हते, निखारे घेऊन चालले होते, पण त्याला तसं वाटलं असावं.

"तुका डोळे होये होते मा? घे." ब्रश पुढे केला. तो हलत होता, टोकावरचा काळा थेंब पायरीवर पडला.

तेहेतीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो ब्रश. घेतला.

कानाला तडा गेलेला एक गणपती बाजूला होता. पडवीत टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून त्याचे डोळे लिहिले, तासभर लागला. हात ठाम. एकदाही पुसावं लागलं नाही. पापण्या एकसारख्या, बुबुळात प्रकाशाचा ठिपका. सुंदर. माझ्या हातून इतकी चांगली रेषा कित्येक वर्षांत आली नव्हती.

वहिनीला हाक मारली. ती आली, पदराला हात पुसत पुढ्यात जमिनीवर बसली, घरात बसतो तशी. बघत राहिली.

"बरे झाले. पण ह्यो बघता खंय?"

मी तिच्या शेजारी खाली बसले. खरंच. गणपती आमच्या डोक्यांवरून पलीकडे, पावसात कुठेतरी बघत होता.

३ सप्टेंबर, बुधवार

काळा खांब. खाचा. "गणपतीची जागा तीच मा?" सगळं एकदम जुळलं आणि मी एकटीच रंगाच्या खोलीत हसले.

प्रत्येक घराचा चौथरा किती उंच, ते त्या खांबावर आहे. गणपती फळ्या-विटा रचून त्या खाचेच्या उंचीवर ठेवायचा आणि आपण जमिनीवर बसून डोळे लिहायचे. म्हणजे घरी आरतीला बसणाऱ्याकडे तो बघतो. माटवीचा काही संबंध नाही. आबा दार लावून हे करत होते. देव बनवत नव्हते, नजर नेमून देत होते.

तडा गेलेल्या गणपतीचे डोळे पुसले, 'बा'च्या नव्या खाचेवर ठेवला, खाली बसून पुन्हा लिहिले. नजर खाली आली. दादाला दाखवला. खूप वेळ बघितलं त्यानं.

"बाबलाची आवस खुर्चीर बसता आता. खाली बाबल. दोगांकय दिसाक होयो."

म्हणजे किंचित वर, आणि तरी खालीही. किती किंचित, ते त्याला सांगता येत नव्हतं. हातानं दाखवायला गेला. हात थरथरला. खाली घेतला.

मी विचारलं. इतक्या वर्षांनी. आबांनी मला का नाही शिकवलं? मुलगी म्हणून?

दादा मग म्हणाला, आबा म्हणाले होते, हिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे. पण डोळे लिहिणाऱ्याला घरं माहीत लागतात. कोण कुठे बसतो, कोण म्हातारं झालं, कोण गेलं. ही उद्या दुसऱ्या गावी जाणार.

माझं लग्न झालं नाही. पण गेले तर मी होतेच. आबांचं चुकलं असं म्हणावं तर घरच्या पाटाची ओळखही मला राहिली नव्हती.

"तुझो हात बरो." दादानं आबांच्या वाक्याचा अर्धाच भाग म्हटला. उरलेला म्हणाला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बारा झाले, एकोणीस राहिले. आबा एका दिवसात बावीस करायचे. उद्या हरतालिका, दुपारपासून लोक न्यायला येतील.

वहिनीकडून कळलं. दादानं कट्ट्याला निरोप धाडला आहे. तिथला दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर उद्या दहा वाजता येऊन उरलेले डोळे लिहून देईल. तो टेबलावर ठेवून लिहील, माझ्यासारखाच. हात ठाम असेल त्याचाही. एकोणीस घरांत गणपती डोक्यांवरून बघेल आणि कुणी काही म्हणणार नाही. त्यात आमचंही घर. आणि मग हा खांब, या खाचा. मी गेले की वहिनी त्यावरही वेल चढवेल.

दादाला म्हटलं, मी लिहिते. तू शेजारी बसून सांग.

"सांगून जमना नाय ता." रागानं नाही. थकून. "हातान कळता, तोंडान नाय."

तेच तर मी त्या दिवसापासून बघते आहे. पाट ओळखताना, लाकडावर हात टेकला की थरथर नव्हती. टेकायला काही हवं. बांबू नको म्हणाला, बांबू म्हणजे काठी, काठी म्हणजे म्हातारपण, आणि ते त्यानं मान्य केलं नाही. माणूस असेल तर?

संध्याकाळी आमच्या गणपतीपुढे, त्याच्या पाटावर हात ठेवून बसले. माझ्या पॉलिशची चकाकी आता उतरली आहे, वर नवी माती बसली आहे. भेगा मात्र रिकाम्या. यंदा व्हाळावरून वाळू आणताना त्यांत भरेल थोडी. एका वर्षाची. बाकीची मी सोड्याच्या पाण्याबरोबर अंगणात ओतली.

६ सप्टेंबर, शनिवार. हरतालिका. सकाळ

दादा अंघोळ करून आत गेला, कडी लावली. वहिनी उपास धरून वाळूचं लिंग मांडते आहे. पेंटर दहाला येणार. आता सहा वाजलेत.

समोर उभी राहून म्हणाले तर तो शाळेतलं मराठी काढेल आणि मी अकरा वर्षांची होईन. म्हणून चिठ्ठी. आम्ही बोलतो मालवणीत, पत्रं मात्र आयुष्यभर पुस्तकी लिहिली, 'सा. न. वि. वि.' घालून. आज पहिल्यांदा बोलतो तशी लिहिली. दाराखालून सारणार आहे. नको म्हणेल, मला माहीत आहे. बहिणीनं हात धरून लिहायचं म्हणजे हात गेला हे दाराआड का होईना, कबूल करणं. मी त्याच्या जागी असते तर मीही नकोच म्हटलं असतं. चिठ्ठीची नक्कल इथे ठेवते:

"दादा, ब्रश तूच धर. बघणारोय तूच. माका डोळे नको. फक्त तुझा मनगट धरूक दी. कोणाक सांगूचा नाय. दार काड."